शेवटची बंद पाने

मित्रांनो, मी एक जुनी पितळी सुरी आहे. भाजी चिरायची नव्हे, पुस्तकाची पाने मोकळी करायची. पूर्वी काही पुस्तके कडा न कापताच छापखान्यातून येत. पाने एकमेकांना जोडलेली असत आणि वाचणारा माझ्या मदतीने ती कापत पुढे जाई. त्यामुळे कोण कुठवर वाचून थांबला, हे मला बरोबर कळे.

पुस्तकबांधणी करणाऱ्या एका कारागिराने मला मोडक्या बिजागरीतून कानशीने घासून घडवले. त्याचा मुलगा समीक्षक झाला, तेव्हा त्याने मला मुलाच्या हाती दिले. धाकटी लेक शिक्षिका झाली.

समीक्षक मोठा नावाजलेला. इतिहास, धर्म, समाज यांवरचे पुस्तक असो की सिनेमा, त्याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. खोटा इतिहास तो अचूक पकडे, आणि मला त्याचा अभिमान वाटे. पुढे कामे वाढली नि तो अर्ध्यावर थांबू लागला. सिनेमा मात्र शेवटपर्यंत बघे, कारण मधेच उठले तर लोकांना दिसते. पुस्तकाचे तसे नाही. बायकोने हटकले की म्हणे, “अगं, शितावरून भाताची परीक्षा.” भाताची होत असेल. पुस्तकाची होत नाही.

मग बहिणीचे पुस्तक आले. एका प्रार्थनास्थळाचा इतिहास. कित्येक वर्षांच्या सुट्ट्या तिने त्यात घातल्या होत्या. सुरुवातीला तिथल्या चमत्कारांच्या कथा, लोक सांगतात तशाच मांडल्या होत्या. त्या वाचून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. मी पुढच्या पानात शिरायला तयार होते, पण त्याने मला खाली ठेवले. लेखात लिहिले, की लेखिका दंतकथांनाच इतिहास समजते आणि ज्यांना दाराबाहेर उभे ठेवले, त्यांच्याविषयी चकार शब्द काढत नाही. सख्ख्या बहिणीचीही गय केली नाही, म्हणून वाचकांनी त्याची वाहवा केली.

रविवारी बहीण आली. टेबलावरची प्रत उचलून तिने कडेवरून बोट फिरवले.

“दादा, शेवटचा अख्खा भाग दाराबाहेरच्यांवरच आहे. ही बघ, पानं अजून बंदच आहेत.”

“घाई होती गं. लेख द्यायचा होता.”

“दुसऱ्या कुणाचं पुस्तक असतं ना, तर मीच भांडले असते, की माझा दादा न वाचता लिहिणार नाही,” ती म्हणाली आणि चहा न घेताच गेली.

त्याने लगेच मला उचलले. पाने इतक्या घाईने कापली, की कडा वेड्यावाकड्या फाटल्या. कोणती कथा कुणी रचली आणि दार कुणासाठी बंद झाले, हे सारे तिने तिथे तपासून लिहिले होते. वाचता वाचता तो रडला. चूक कबूल करणारा लेख त्याने पाठवला, पण संपादकांनी कोपऱ्यात चार ओळी छापल्या. बैल गेला नि झोपा केला.

पुढे एकदा त्याने तिला विचारले, “दुसरं पुस्तक कधी?”

“घेतलं होतं लिहायला. मग वाटलं, तूच शेवटपर्यंत आला नाहीस, तर दुसरं कोण येणार?”

आता पुस्तके कडा कापूनच येतात आणि कोण कुठे थांबला, हे कुणालाच कळत नाही. म्हणून सांगते, मित्रांनो, एखाद्याला नावे ठेवायची तर खुशाल ठेवा, पण त्याचे शेवटचे पान वाचून मग ठेवा.

मी खणात असते. म्हातारा समीक्षक अधूनमधून मला बाहेर काढतो, फडक्याने लख्ख पुसतो आणि म्हणतो, “लागेल कधीतरी.” तो मला कोणत्या पुस्तकासाठी जपतो आहे, हे मला ठाऊक आहे. ते लिहिलेच गेले नाही.