राव्हेन्नाचं निळं छत

प्रवासी उतरून गेले, तसा नेव्हिओनं सवयीनं आसन मागे सरकवलं आणि पेपर उघडला. त्याची बायको दोरिना मात्र बसच्या दारातच उभी होती.

"पेपर कसला वाचतोस? चल, राणीच्या समाधीतलं ते निळं छत दाखव मला."

जेसी या आपल्या गावाहून राव्हेन्नाला नेव्हिओनं किती सहली आणल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं. सिएना, असिसी, ऑर्व्हिएतो, सगळीकडे त्याची बस जाऊन आली होती. पण जुन्या शहरांत बसला मज्जाव. शहर आत, गाडीतळ बाहेर आणि बसमध्ये लोकांचं सामान. ते सोडून ड्रायव्हरनं हलायचं नाही. सिएना म्हटलं की त्याला आठवे ती एका भिंतीची अरुंद सावली.

दोरिनाला हे सांगायचं राहूनच गेलं. नवीन लग्न झालेलं असताना तो पहिल्यांदा सिएनाहून परतला, तेव्हा तिनं इतक्या असोशीनं "चौक कसा होता रे?" असं विचारलं, की पाहिला नाही म्हणवेना. परतीच्या वाटेवर मागच्या बायका जे बोलत होत्या, तेच त्यानं सांगून टाकलं. पुढे ते अंगवळणीच पडलं. दोरिनाचा पाय घराबाहेर निघत नव्हता. आधी मुलं, मग अंथरुणाला खिळलेली सासू. ती इस्त्री करता करता त्याची शहरं ऐके आणि दुसऱ्या दिवशी शेजारणींना सांगे.

गेल्या हिवाळ्यात सासू गेली. आता नेव्हिओही निवृत्त होत होता. शेवटच्या फेरीला मालकानं बजावलं होतं, की बायकोला ने, गाडीला कुलूप लाव आणि चारचौघांसारखा फिर.

नेव्हिओ ठाऊक असल्यासारखा झपाझप पुढे निघाला. पहिलंच वळण एका गॅरेजच्या अंगणात जाऊन संपलं. दोरिना त्याच्यामागोमाग परत वळली. 'आपल्या चर्चएवढा घुमट' असं त्यानं तिला कितीदा रंगवून सांगितलं होतं, म्हणून तो छपरांवरून घुमट शोधत राहिला. शेवटी टपरीवर पियादिनाच्या पोळ्या भाजणाऱ्या बाईला राणीची समाधी कुठे म्हणून विचारावंच लागलं. तिनं हिरवळीपलीकडे बोट दाखवलं. तिथे विटांची एक बसकी, साधीसुधी खोली होती, एखाद्या कोठारासारखी.

"ही नसणार," तो बोलून गेला. मग कानशिलं तापली.

दोरिनानं त्याचं कोपर धरलं. "वाक. दार बुटकं आहे."

आत काळोख. मग हळूहळू डोळे स्थिरावले. खिडक्यांना काचेऐवजी दगडाच्या पातळ चकत्या होत्या आणि त्यांतून मधाच्या रंगाचा उजेड झिरपत होता. वर निळाई होती, गडद, खोल, आणि तिच्यात सोन्याच्या चांदण्या. पाऊल हललं की त्याही लुकलुकत. दीड हजार वर्षांपूर्वी कुणी तरी काचेची एकेक टिकली जरा तिरकी बसवून ठेवली होती, उजेड पकडावा म्हणून. कोपऱ्यात हरणं पाण्याशी आली होती. मागच्या सीटवरच्या बायकांनी हे सगळं सांगितलं होतं आणि सगळं खरं होतं. पण हे आभाळ इतकं जवळ असेल, हात उंचावला तर लागेल असं वाटण्याइतकं, ते कुणीच बोललं नव्हतं. त्यानं टोपी काढली.

पहाऱ्यावरच्या मुलीनं या गटाची वेळ संपल्याचं सांगितलं. माणसं बाहेर पडली, दोरिनाही दाराशी आली. नेव्हिओ जागचा हलला नाही. मुलगी त्याच्याकडे निघाली, तशी दोरिनानं तिच्या दंडावर हात ठेवला.

"राहू दे ना गं त्याला जरा. दरवेळी बाहेरच थांबलाय तो."

खोली एवढीशी, शब्द नेव्हिओपर्यंत पोचले. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. मान वरच होती. टोपी छातीशी घट्ट धरली होती.

मुलगी दारात आडवी उभी राहिली आणि तिनं बाहेरच्या रांगेला हातानंच थोपवलं. दोरिना परत आत आली, नवऱ्याशेजारी उभी राहिली आणि तिनंही मान वर केली.