वायंडिंगचा दोरा

उमाशंकर मिस्त्रीनं नावेच्या इंजिनाचा खालचा स्क्रू काढला आणि डब्यात पडणारी धार बघायला कोंडाबाई पुढं वाकली. मधासारखं पडायला हवं ते ऑइल ताकासारखं पांढरं होतं. इंजिनाच्या खालच्या पायात, जिथं गिअर असतात आणि ज्याला पंखा लागतो तिथं, पुन्हा पाणी शिरलं होतं. दसऱ्यापासून तिसऱ्यांदा.

उद्या तिच्या लेकीचं, तनुजाचं लग्न. नवरदेव पलीकडच्या काठचा. जावई माझ्या नावेतून येणार, असं तिनं सगळ्या विष्णुपुरीत सांगून ठेवलेलं. पण गिअरात पाणी असताना भरली नाव धरणाच्या मधोमध न्यायची म्हणजे वऱ्हाड तिथंच अडकायचं. दुरुस्ती झाली नाही तर वऱ्हाड जीपनं येईल, एवढंच उमाशंकरनं सांगितलं होतं.

त्याचं दुकान जळकोटला, विहिरीच्या मोटारींचं वायंडिंग बांधायचं. दसऱ्याला त्यानंच या इंजिनाची सर्व्हिसिंग केली होती. पहिल्यांदा पाणी शिरलं तेव्हा त्यानं स्क्रूचे वायसर बदलले, दुसऱ्यांदा वरच्या दांड्याचं, पाणी अडवणारं रबरी सील. दोन्ही वेळा अंदाजानं. पाणी नेमकं कुठून येतं ते बघितलंच नव्हतं, आणि तेच त्याला सलत होतं.

कोंडाबाईला मात्र शंका नव्हती. तिचा दीर शिवशंकर नदीत जाळी टाकायचा. त्याच्या जाळ्याचेच धागे पंख्यात जातात, असं तिचं म्हणणं. महिनाभर दोघांचं बोलणं बंद होतं. उद्याच्या नावेत त्याला जागा नाही, हेही तिनं जाहीर केलं होतं. तरी तो सकाळपासून मिस्त्रीच्या हाताखाली होता.

"मिस्त्री, त्यांना म्हणावं पाय नीट धरा," कोंडाबाई म्हणाली. शिवशंकर तिच्यापासून दोन हातांच्या अंतरावर होता.

"वहिनीला सांगा, धरलाय," तो म्हणाला.

यावेळी उमाशंकरनं अंदाज केला नाही. ऑइल निथळू दिलं, खालचं भोक बंद केलं, वरच्या भोकात जुन्या ट्यूबचा व्हॉल्व्ह घट्ट बसवला आणि अख्खा पाय पाण्याच्या पिंपात बुडवला. मग सायकलच्या पंपानं बेताची हवा भरली. स्क्रूपाशी काही नाही. वर काही नाही. त्यानं पंखा हातानं हळूच फिरवला, तसे पंख्याच्या मागून मोहरीएवढे बुडबुडे ओळीनं वर आले.

पंखा उतरवला. दांड्याला दोऱ्याचं कडं आवळून बसलं होतं आणि त्यानं सीलची कड खाल्ली होती.

"बघा," कोंडाबाई म्हणाली. शिवशंकरची मान खाली गेली.

उमाशंकरनं चिमट्यानं दोरा ओढून काढला, बोटांत चोळला. जाळ्याचा धागा हिरवा आणि गुळगुळीत असतो. हा पांढरा होता, चपटा. ओढला तरी तुटेना. मोटारीचं वायंडिंग बांधायचा दोरा. या काठावर तो फक्त एकाच्या पिशवीत होता.

दोरा पिंपात टाकला असता तर कुणाला कळलं नसतं. त्यानं तो कोंडाबाईच्या हातावर ठेवला.

"मावशी, जाळ्याचा न्हाई हा. माझा हाय. दसऱ्याला पूजा केली तवा झेंडूची माळ म्याच पंख्याला बांधली. गळून पडू नये म्हणून पक्क्या दोऱ्यानं बांधली. फुलं वाहून गेली, दोरा आत बसला."

कोंडाबाईनंही दोरा ओढून बघितला. मग शिवशंकरला हसू फुटलं, आणि पदर तोंडाला लावला तरी तिलाही ते आवरेना.

"भावजी," महिन्यानं ती थेट त्याच्याशी बोलली, "च्या घेता का?"

उमाशंकरनं पंख्यामागची दोन्ही सील नवी बसवली, पुन्हा हवा भरली. तिघं चहा पीत पिंपाकडं बघत बसले. कप रिकामे झाले; बुडबुडा एकही आला नाही. मग खालच्या भोकातून ऑइल चढवलं, वरच्या भोकातून ओघळेपर्यंत. पाय जोडून नाव दोनदा पलीकडं जाऊन आली. त्यानं स्क्रू सैल करून थेंबभर ऑइल बोटावर घेतलं. मधाच्या रंगाचं.

सकाळी नाव नवरदेवाला आणायला निघाली. सुकाणूवर शिवशंकर होता. कोंडाबाई झेंडूची माळ घेऊन आली आणि सवयीनं इंजिनाकडं वाकली. शिवशंकरनं माळ तिच्या हातातून काढून घेतली आणि उमाशंकरच्या गळ्यात घातली.

"इथं बरी हाय, वहिनी. मिस्त्री पाण्यात गरगर फिरत न्हाईत."

काठावरचे सगळे हसले. उमाशंकरनं मानेमागं हात नेऊन दोरा चाचपला. सुताचा होता.