दोन सेकंदांचा पंप

आर्णीच्या बसस्टँडसमोर श्रावण वायरमनचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक टिनाचं शेड, पुढे कडुनिंब आणि कडुनिंबाखाली कायम कुणाचा तरी बंद पडलेला ट्रॅक्टर. श्रावणकडे मीटर होता, पण तो खोक्यातून कधी निघाला नाही. त्याचा मीटर म्हणजे ठिणगी. वायरचं टोक सोलायचं, हलकेच टेकवायचं आणि उडालेल्या ठिणगीचा रंग पाहायचा. पिवळट उडाली तर बॅटरी खंगली, लाल उडाली तर कुठेतरी गंज, आणि निळी उडाली म्हणजे करंट खणखणीत. पस्तीस वर्षं त्यानं याच विद्येवर जीपा, ट्रॅक्टर, काळीपिवळ्या टॅक्स्या चालत्या केल्या होत्या आणि तिचा त्याला गर्व होता. गर्व असावा, हरकत नाही. पण तो पोरीच्या गाडीत घालू नये.

पोरगी उर्वशी, यवतमाळला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिनं प्रोजेक्टसाठी भंगारात निघालेली एक जुनी व्हॅन मिळवली होती, तिचा कार्बोरेटर काढून टाकला होता आणि इंजिन चालवायला बाहेरून मागवलेला कंप्युटर बसवला होता. कंप्युटर म्हणजे तळहाताएवढी ॲल्युमिनियमची डबी. पेट्रोल किती सोडायचं, टाकीतला पंप कधी चालू ठेवायचा, कधी बंद करायचा, सगळं ती डबी ठरवणार. परीक्षेआधी पंधरा दिवस उर्वशीनं व्हॅन आर्णीला आणली, कारण कॉलेजच्या वर्कशॉपला चार वाजता कुलूप लागायचं आणि बापाच्या शेडला कुलूपच नव्हतं. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. ते पुण्याच्या एका कारखान्यातले मोठे साहेब. काम पटलं तर जूनपासून मुलीला तिथेच घेऊ, असं त्यांनी कॉलेजला कळवलं होतं. तेवढ्या एका वाक्यावर मथुराबाईनं, म्हणजे श्रावणच्या बायकोनं, पोरीसाठी नवी बॅग आणून ठेवली होती.

शनिवारी व्हॅन पहिल्या सेलला, म्हणजे स्टार्टर मारताच, सुरू झाली. श्रावण कडुनिंबाखाली उभा राहून तो आवाज ऐकत होता. त्याचा ऊर भरून आला होता, पण बापाच्या जातीला ते बोलून दाखवता येत नाही. तो नुसता म्हणाला, बरं हाय.

रविवारी सकाळी माय-लेकी विहारात वंदनेला गेल्या. जाताना उर्वशीनं सांगितलं की लॅपटॉप सीटवर तसाच राहू द्या, कोपऱ्यात लाल ठिपका दिसतो आहे तोवर तो सगळं लिहून घेतो. श्रावणनं मान हलवली. दुकानात त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. साडेअकराच्या सुमारास त्याला राहवलं नाही. कालचा तो आवाज पुन्हा एकदा, एकट्यानं ऐकावा म्हणून तो व्हॅनमध्ये जाऊन बसला आणि चावी अर्धी फिरवली.

मागच्या टाकीत पंप घरघरला. दोन सेकंद घरघरला आणि गप्प झाला.

श्रावणनं चावी बंद करून पुन्हा फिरवली. पुन्हा दोन सेकंद घरघर, पुन्हा शांत. आता ज्याला माहीत आहे त्याला माहीत आहे की कंप्युटरचा पंप असाच वागतो. चावी लावली की दोन सेकंद चालून नळीत पेट्रोल भरून ठेवतो आणि इंजिन फिरेपर्यंत थांबतो. गाडी कुठे उलटली, इंजिन बंद पडलं, तर पंपानं पेट्रोल ओतत बसू नये यासाठी ती सोय असते. पंपाला काहीएक झालं नव्हतं. श्रावणनं तेव्हा नुसता सेल मारला असता तर गाडी सुरू झाली असती आणि ही गोष्टही घडली नसती. पण पंप थांबलेला असताना सेल मारून बॅटरी उतरवणाऱ्या लोकांना त्यानं जन्मभर शिव्या घातल्या होत्या. आधी पंप, मग सेल, हा त्याचा नियम. त्याला वाटलं, पंपाचा करंट तुटून राहिला आहे, उद्या साहेबांसमोर पोरीची फजिती होणार. ती यायच्या आत आपण दुरुस्त करून ठेवू. तिला कळणारही नाही.

डबीतून पंपाच्या रिलेकडे, म्हणजे पंपाचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या खटक्याकडे, जाणारी वायर त्यानं शोधली. तिचं टोक किंचित सोललं. बॅटरीच्या प्लसवरून एक वायर ओढून आणली आणि डाव्या हातानं चावी फिरवली. पंप घरघरत असतानाच उजव्या हातानं प्लस त्या टोकाला टेकवला, ठिणगी पाहायला.

ठिणगी उडाली, चांगली निळी. पंप थांबला. त्यानंतर त्यानं दहा वेळा चावी फिरवली असेल, पण दोन सेकंदांची ती घरघरही पुन्हा ऐकू आली नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. श्रावणनं सोललेल्या जागी टेप गुंडाळला, चावी खिळ्याला अडकवली आणि बाहेर येऊन घडाभर पाणी प्यायला.

दुपारी उर्वशी कामाला बसली आणि पंप लागेना. तिनं फ्यूज पाहिला. पंपाला थेट बॅटरी लावून पाहिली, तो चालला. रिले हातानं जोडून पाहिला, तोही चालला. श्रावण तिला पाना दे, पक्कड दे, असं करत शेजारी उभा होता. काय शोधते आहेस, असं त्यानं विचारलं तेव्हा तिनं मान वर न करता समजावलं.

"बाबा, हा डबा रिलेले प्लस देत नाई. मायनस देते. मायनस देनारा आतला पुर्जा लय नाजूक असते. त्याले चुकून कोनी प्लस दाखवला तं गेलाच समजा."

श्रावणच्या हातातली पक्कड घसरली. तेव्हाच बोलायचं होतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण चोराच्या मनात चांदणं, त्याला वाटलं की ही आता आपल्याकडे पाहील. तिनं पाहिलंच नाही. डबीबरोबर आलेलं पुस्तक उघडून ती पानं चाळत राहिली आणि एका पानावर थांबली. रिलेसोबत एक छोटा डायोड लावा, नाहीतर रिलेचा झटका उलटा येऊन कंप्युटर जळू शकतो, असं तिथे लिहिलं होतं. तो डायोड आतच असेल असं धरून तिनं लावला नव्हता.

"माह्यीच चूक हाय," ती म्हणाली आणि डोळ्यांना मनगट लावून बसून राहिली.

श्रावणनं तोंडात मिठाची गुळणी धरली. लेकरू त्याच्या पापाचं ओझं आपल्या डोक्यावर घेऊन रडत होतं आणि तो तिच्यासाठी चहा आणायला गेला. त्या चहाची त्याला पुढे फार लाज वाटली.

डबीच्या बाकी सगळ्या वायरी कामात अडकलेल्या होत्या, त्यातली एकही पंपाला देता येत नव्हती, आणि दुसरी डबी एका दिवसात येणं शक्य नव्हतं. शेवटी उर्वशीनं कंप्युटरला बाजूला ठेवून पंपाला सरळ बटण लावलं. बटण दाबलं की पंप चालू, पुन्हा दाबलं की बंद. ज्याला श्रावणच्या दुकानात डायरेक्ट म्हणतात तेच. वर्षभर ज्या कामाची तिनं वही भरली होती, त्याची गत एका बटणावर आली.

सोमवारी लालसिंगच्या पिकअपवर व्हॅन चढवली. लालसिंग शेजारच्या तांड्यावरचा, श्रावणचा जुना दोस्त. जाताना केबिनमध्ये उर्वशी दोघांच्या मध्ये बसली आणि वाटभर गुडघ्यावरचा लॅपटॉप दोन्ही हातांनी धरून होती.

कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये व्हॅन सुरू झाली. साहेबांनी इंजिनाचा आवाज ऐकून मान डोलावली. मग वाकून ते बटण पाहिलं आणि विचारलं की गाडी उलटली तर हा पंप कोण बंद करणार. उर्वशी म्हणाली की कंप्युटर करणार होता, पण त्याचा तो भाग जळला. कशानं जळला, असं त्यांनी विचारलं.

"मी डायोड लावला नव्हता सर. माझी चूक."

दाराशी उभ्या असलेल्या श्रावणला ते सहन झालं नाही. तो चपला तिथेच काढून आत गेला, साहेबांसमोर हात जोडून उभा राहिला.

"साहेब, तिनं नाई जाळला. म्या जाळला. म्या प्लस लावून पाह्यला."

साहेब माणूस चांगला होता, तेच वाईट झालं. त्यांनी श्रावणच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, मीही एका मुलीचा बाप आहे. तुमच्या जागी मीही हेच म्हणालो असतो. पण नोकरीत तिच्या चुका अंगावर घ्यायला तुम्ही सोबत नसाल ना?"

सगळे हसले, मायेनंच हसले. कुणीतरी श्रावणला खुर्ची दिली. त्यानं पुन्हा सांगून पाहिलं, तर ते आणखी हळवे झाले. खोटं बोलून ज्यांचं कुणाला पटलं नाही अशी माणसं पुष्कळ असतील, पण खरं बोलून ज्याचं खोटं बोलल्याबद्दल कौतुक झालं तो करंटा श्रावण एकटाच. साहेबांनी उर्वशीला सांगितलं की तुमची समज चांगली आहे, हात अजून कच्चा आहे. यंदा नाही, पुढच्या वर्षी पाहू.

बाहेर पायऱ्यांवर उर्वशी बराच वेळ बसून होती. ऊन मी म्हणत होतं. श्रावण एक पायरी खाली बसला. मग ती सावकाश म्हणाली की तुम्ही सगळ्यांसमोर माझ्यासाठी खोटं बोललात हे मी जन्मभर विसरणार नाही. पण वायरिंग हे काही आपलं काम नाही, हे तिला आता कळलं होतं. ती तलाठ्याच्या परीक्षेचा फॉर्म भरणार होती.

इथे श्रावणचा धीर सुटला. नोकरी गेली ती गेली, पण पोरीचा स्वतःच्या हातावरचा विश्वासच गेला होता. आणि तो परत द्यायचा तर एकच वाट उरली होती. त्याला तो लाल ठिपका आठवला.

"लॅपटॉप उघड," तो म्हणाला. "कालच्या साडेअकराचं पाह्य."

"तवा तं मी विहारात होती."

"म्हून तं म्हनतो, पाह्य."

तिनं उघडला. काल तिनं स्वतः चावी फिरवली तेव्हापासूनचंच तपासलं होतं, त्याआधी कुणी चावी लावली असेल हे तिच्या मनातही आलं नव्हतं. अकरा चौतीसला चावी. पंप दोन सेकंद. पुन्हा चावी, पुन्हा दोन सेकंद. तिसऱ्या वेळी बॅटरीची रेघ एकदम खाली कोसळलेली, आणि त्यानंतर पंप लागल्याची खूण कुठेच नाही. तिनं त्या रेघेवर बोट ठेवलं आणि बोट तसंच राहू दिलं. श्रावण तिच्या तोंडाकडे पाहू शकला नाही, त्यानं तिच्या बोटाकडे पाहिलं.

"ठिनगी पाह्यली तुमी?" तिनं विचारलं.

"पाह्यली."

"कोनत्या रंगाची?"

"निळी," श्रावण म्हणाला. "तुही वायरिंग खनखनीत होती."

साहेबांची गाडी कधीच निघून गेली होती. तिनं लॅपटॉप मिटला, पिकअपच्या मागच्या फाळक्यावरून वर चढली आणि दोरांनी बांधलेल्या व्हॅनमध्ये जाऊन बसली. बापाच्या शेजारची जागा रिकामी राहिली.

लालसिंगनं गाडी काढली. आर्णीच्या वाटेला लागल्यावर त्यानं विचारलं, पोरगी काहून मागं बसली. श्रावण म्हणाला की तिला वायरी पाहायच्या आहेत. लालसिंगनं समजून घेतल्यासारखी मान हलवली. वर्कशॉपच्या खिडकीतून त्यानं सगळं ऐकलं होतं, आणि तो ते घरोघर सांगणार होता.

"श्रावणभाऊ, बाप असावा तं तुमच्यासारखा. लेकीसाठी साऱ्याईसमोर खोटं बोलले."

"खोटं नोयतं," श्रावण म्हणाला.

लालसिंग हसला आणि त्यानं श्रावणच्या मांडीवर थाप मारली. आरशात व्हॅनची काच दिसत होती आणि काचेमागे उर्वशीचं खाली वाकलेलं डोकं. आर्णी येईपर्यंत तिनं एकदाही वर पाहिलं नाही.