मावसभावांचा तंबू

मी तंबू बोलतोय. दचकू नका. हिरव्या रंगाचा, दोन माणसांचा, एका कोपऱ्याला ठिगळ लावलेला. सध्या मला माळ्यावर एका पिशवीत कोंबून ठेवलंय आणि बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला धरून बसवतोय. मला जरा जास्त बोलायची खोड आहे, तेवढी सांभाळून घ्या.

नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मला शिवणारी बाई शिवताना सगळ्या जगाला शिव्या घालायची, पण काय हात होता तिचा! माझी शिवण आजवर कुठे उसवलेली नाही. पुढे दुकानात दोन पुरुष मला घ्यायला आले. एक उंच, शिडशिडीत, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा हाल्वार. दुसरा बुटका, रुंद खांद्यांचा, होड्या दुरुस्त करणारा सुतार ओद्मुन. दुकानदाराने आपलं सहज विचारलं, "दोघं मित्र का?"

हाल्वारचे कान लाल झाले. "मावसभाऊ," तो म्हणाला. ओद्मुनने हसू दाबायला माझ्या कापडात तोंड खुपसलं. तेव्हा त्याला त्याची गंमत वाटली होती हो.

मावसभाऊ कसले डोंबलाचे! दोघांचा एकमेकांवर जीव होता. पण गाव एवढंसं, फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, दोन काठांना वसलेलं. या काठाला हाल्वार आईबरोबर पांढऱ्या घरात राहायचा. त्या काठाला ओद्मुन, आपल्या होड्यांच्या शेडवरच्या खोलीत. हिवाळाभर चर्चच्या दारात एकमेकांना मान हलवून नमस्कार, बस्स. बर्फ वितळलं की मला पाठीवर घ्यायचं आणि डोंगरात निघून जायचं. वर्षातले ते थोडे दिवस त्यांचा संसार असायचा, आणि त्या संसाराचं घर म्हणजे मी. फुशारकी मारत नाही, पण घर म्हणून मी कधी गळलो नाही.

संसार अगदी चारचौघांसारखाच. ओझं वाटून घेतलेलं: माझं कापड हाल्वारच्या पिशवीत, काठ्या आणि खुंट्या ओद्मुनच्या. सकाळी ओद्मुन हाल्वारच्या पावाला लोणी लावून त्यावर तपकिरी चीजचे काप ठेवायचा, कारण हाल्वार कापायला बसला की निम्मं चीज वाया घालवायचा. झोपायच्या वेळी हाल्वार आपले गारठलेले पाय त्याच्या पोटरीला चिकटवायचा. "मावसभाऊ, पाय उचला," ओद्मुन ओरडायचा, "बर्फाच्या लाद्या आहेत का काय!" पण स्वतःची पोटरी काही बाजूला घ्यायचा नाही.

अशी तीस-एक वर्षं गेली. मग हाल्वारची आई वारली. ऑर्गनचं कामही सुटलं. त्या उन्हाळ्यात एका तळ्याकाठी माझ्या दारात बसून ओद्मुन म्हणाला, "हाल्वार, आता कुणाला भ्यायचं राहिलंय?"

"भितो कोण?"

"मग एकदा म्हण. चारचौघांत, मी समोर असताना. हा माझा माणूस आहे म्हण. मला दुसरं काही नको. घर नको, अंगठी नको."

हाल्वारने तळ्यात एक खडा टाकला. "गावात नाही जमणार रे," तो म्हणाला.

तर ओद्मुनने त्यावरही तोड काढली. गे पुरुषांसाठी डोंगरातल्या भटकंत्या काढणारा रूआर नावाचा एक वाटाड्या होता. आठ-दहा जणांचा गट, सगळे एकाच नावेतले, कुणी कुणाला नावं ठेवणारं नाही. "तिथे तर म्हणशील?" ओद्मुनने विचारलं. "तिथे म्हणतो," हाल्वारने शब्द दिला. मी ऐकलाय तो शब्द. मला बाई इतका आनंद झाला होता! बाई म्हणालो का? असू दे. आनंदात होतं तसं.

रूआरच्या गटाची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी चालायला लागायच्या आधी शेकोटीवर कॉफीची किटली चढायची, सगळे गोल बसायचे आणि प्रत्येकाने आपलं नाव आणि कुणाबरोबर आलोय ते सांगायचं. कुणी म्हणालं, हा माझा नवरा, रस्ता विचारायला लाजतो, म्हणून आम्ही नेहमी चुकतो. हॉलंडहून एकटाच आलेला येले म्हणाला, "मी बिनजोडीचा आहे, लक्ष असू द्या." सगळे हसले. मग किटली हाल्वारपाशी आली.

"मी हाल्वार," तो म्हणाला. "आणि हा ओद्मुन. माझा मावसभाऊ."

शब्द जिभेवर इतका रुळला होता, की विचार करायच्या आत बाहेर पडला. जिथे खोटं बोलायची काही म्हणजे काही गरज नव्हती, तिथेही तो खोटं बोलला! सगळ्यांनी कौतुकाने माना डोलावल्या. "एकाच घराण्यात दोन-दोन!" येले म्हणाला. "आजी धन्य आहे बुवा तुमची." ओद्मुनने कपातली कॉफी गवतावर ओतली आणि उठून पिशवीचे बंद आवळत बसला.

"तोंडातून निघून गेलं रे," पहिल्या मुक्कामाला माझ्या आत शिरल्याबरोबर हाल्वार म्हणाला.

"असेल. मग उद्या दुसरं काढ तोंडातून."

"माथ्यावर पोचलो की सांगतो. सगळे असतील."

"माथा कशाला लागतो? सूप पिताना सांग की."

सूप पिताना काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मासे तळतानाही नाही. हाल्वार घसा खाकरायचा, सगळे त्याच्याकडे बघायचे आणि हा म्हणायचा, "उद्या वारा सुटणार बहुतेक." मला वाटायचं, मला तोंड असतं तर मीच सांगून टाकलं असतं! आणि इकडे येलेने ओद्मुनला ओढे ओलांडताना हात द्यायला सुरुवात केली. चॉकलेट मोडून अर्धं द्यायचा, जोक सांगायचा. माणूस लबाड नव्हता बरं का. त्याला जे सांगितलं गेलं होतं त्यावर त्याने विश्वास ठेवला होता, एवढंच.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस आला आणि आम्ही लवकर थांबलो. ओद्मुन माझ्या आत आडवा पडला होता. बाहेर हाल्वार माझ्या दोऱ्या ताणत होता, तेवढ्यात येले आला.

"दादा, एक विचारू? घरातले वडीलधारे म्हणून तुम्हालाच विचारतो. तुमचा भाऊ मोकळा आहे ना? म्हणजे त्याचं कुणी...?"

दोरी हाल्वारच्या हातात तशीच राहिली. आतमध्ये ओद्मुन कोपरावर उठून बसला. त्या दोघांच्या मध्ये फक्त माझं कापड होतं.

"त्यालाच विचारा," हाल्वार म्हणाला. "मला काय विचारता?"

ओद्मुन पुन्हा आडवा झाला. कुशीवर वळून त्याने तळहात माझ्या कापडावर ठेवला आणि तसाच पडून राहिला. तीस वर्षांत मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं, ते त्या दुपारी पाहिलं. हाल्वार आत आला तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी आमची वाट एका डांबरी रस्त्याला छेदून जात होती. तिथे बसचा थांबा होता. सगळे कडेला बसून पाव खात होते. बस येताना दिसली तसा ओद्मुन उठला, पिशवी पाठीला लावली आणि रूआरला म्हणाला, "गुडघा कुरकुरतोय. मी घरी जातो." मग हाल्वारकडे वळून, "येतो."

हाल्वारही धडपडत उठला, पिशवी पाठीला लावली. "मी येऊ सोबत?"

"कोण म्हणून?" ओद्मुनने विचारलं.

सगळ्यांचे घास हातात राहिले. बसचं दार उघडलं. हाल्वारच्या पाठीवर, पिशवीत मी होतो. त्याचं काळीज कसं धडधडत होतं ते मला कापडातून कळत होतं. बोल रे बाबा, मी म्हणत होतो, एकदा बोल!

"पोचलास की कळव," हाल्वार म्हणाला.

ओद्मुनने मान हलवली. चर्चच्या दारात हलवायचा तशीच. बस गेली.

संध्याकाळी मुक्काम पडला. आभाळ भरून आलेलं. हाल्वारने मला पिशवीतून काढून अंथरलं आणि मग नुसताच उभा राहिला. काठ्या आणि खुंट्या ओद्मुनच्या पिशवीतून गेल्या होत्या. रागाने नेल्या असं नाही. नेहमीच त्याच्याकडे असायच्या, म्हणून गेल्या. हाल्वार ओल्या गवतात मटकन बसला आणि त्याने मला गोळा करून मांडीवर घेतलं.

"काठ्या कुठायत?" रूआरने विचारलं. हळूहळू सगळे भोवती जमले. येले म्हणाला, "एवढं काय त्यात, माझ्या तंबूत या, दादा."

"तो माझा मावसभाऊ नाही," हाल्वार म्हणाला. "माझा माणूस आहे तो. तीस वर्षं झाली."

कुणी हसलं नाही. रूआर खाली बसला. "अहो, आम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं," तो हळूच म्हणाला. "मावसभावाच्या पावाला असं लोणी कोण लावतं? म्हटलं, सांगतील तेव्हा सांगतील. कशाला अवघडून टाकायचं."

"मला नव्हतं कळलं!" येले ओरडलाच. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्हालाच विचारलं ना मी? तोंडावर विचारलं! का नाही सांगितलंत?"

हाल्वार माझं कापड मुठीत धरून रडत होता.

सकाळी खिंडीत फोनला रेंज आली. "ओद्मुन, मी सांगितलं," तो म्हणाला. "सगळ्यांना सांगितलं!"

 "मी होतो तिथे?" तिकडून ओद्मुनने विचारलं.

"नाही."

"मग ते तू त्यांना सांगितलंस, हाल्वार. मला नाही."

घरी आल्यावर हाल्वारने मला वाळायला अंगणातल्या दोरीवर टाकलं. दोरीवरून फ्योर्डचं पाणी दिसायचं आणि पलीकडची शेडही. आठवडाभराने तिथून एक होडी निघाली. ओद्मुन माझ्या काठ्या परत द्यायला आला होता. हाल्वारने खिडकीतून पाहिलं आणि मोजे घातलेल्या पायांनीच धावत बाहेर आला. शेजारच्या गुनवोरबाई कुंपणापाशी झुडपावरची लाल फळं तोडत होत्या. हाल्वारने त्यांना मुद्दाम हाक मारली.

"गुनवोर! हा ओद्मुन. माझा माणूस आहे हा!"

एवढ्या मोठ्याने म्हणाला, की पलीकडच्या कोकरांनीही माना वर केल्या. गुनवोरबाईंनी टोपली खाली ठेवली. "अरे, मला काय नवीन आहे ते? सगळ्या गावाला ठाऊक आहे. तुझ्या आईला ठाऊक होतं. तिला वाटायचं तू सांगशील, तुला वाटायचं तिला सोसणार नाही. आम्ही आपले गप्प."

हाल्वारचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ओद्मुन मात्र हसला. खरंखुरं, छान हसला. त्याने काठ्या अंगणातल्या बाकावर ठेवल्या, पुढे होऊन हाल्वारच्या गालावर हात ठेवला.

"होतो, गुनवोर," तो म्हणाला. "यांचा होतो मी."

आणि तो होडीत जाऊन बसला.

तेव्हापासून, एक वेळ सोडली तर, मी माळ्यावर आहे. कापड, काठ्या, खुंट्या, सगळं एकत्र. हाल्वार खाली ऑर्गनची जुनी सुरावट तोंडाने गुणगुणत असतो, मध्येच थांबतो. ओद्मुनने शेड विकली आणि तो उत्तरेला बहिणीकडे गेला, असं खाली बोलताना ऐकलं.

आता माझं एक मागणं आहे, आणि ते हाल्वारसारख्यांकडे नाही. ते तुमच्याकडे आहे. तुमच्या घरात, शेजारात असं कुणी असेल आणि तुम्हाला ते ठाऊक असेल, तर समजूतदारपणाने गप्प बसू नका. जाऊन सांगा त्याला, की आम्हाला माहीत आहे, बाबा, या दोघं जेवायला. त्या गटातल्या आठ-दहा जणांतल्या एकाने जरी पहिल्या दिवशी एवढं म्हटलं असतं ना!

आणि जमलं तर मला इथून घेऊन जा. मी अजून गळत नाही. फक्त दोघं मिळून या. गेल्या महिन्यात हाल्वारने मला एकट्याने अंगणात उभं केलं होतं, एका कडेला अंग चोरून तो आत पडून राहिला, आणि उरलेल्या अर्ध्या जागेचं काय करायचं ते आम्हा दोघांनाही कळेना.