प्लग काढलेला रेडिओ

"प्लग कुठाय? नीट बघा, प्लग कुठाय?"

प्रवचन देणाऱ्या ब्रदर वेंडेलनं वायरचं टोक डोक्यावर धरून हॉलभर मिरवलं. प्लग त्याच्या हातात, भिंत पार पलीकडे. जाडजूड कोट आणि ओले बूट घालून बसलेलं नॉर्ड्बी गाव माना उंचावून त्या प्लगकडे बघत होतं. बाहेर थंडी मी म्हणत होती. पुढं मंचावर ओर्व्हिल ट्वेटचा जुना लाकडी रेडिओ उभा होता, चांगला कमरेएवढा उंच.

"नवे रेडिओ बहिरे असतात, माझ्या भावंडांनो!" वेंडेलचा आवाज चढला. "माणूस मरतो, आवाज मरत नाही! तो आकाशात फिरत राहतो. तुमच्या फोनला तो काय कळणार? तो ऐकू येतो या काचेच्या जुन्या नळ्यांना. आणि तोही विजेशिवाय! कारण तो जिथून येतो ना, तिथं विजेचं बिल येत नाही!"

लोक हसले आणि लगेच गंभीर झाले. लोकांना असं खालीवर करणं वेंडेलला झकास जमायचं.

रेडिओत खरखर झाली. मग दोन वर्षांपूर्वी वारलेला ओर्व्हिल स्वच्छ बोलला, "कुठं जाऊ नकोस. इथंच बस."

सगळा हॉल किर्स्टनकडे वळला.

किर्स्टन ही ओर्व्हिलची एकुलती एक मुलगी, गावच्या शाळेत संगीत शिकवणारी. मुलं उरली नाहीत म्हणून शाळा जूनमध्ये कायमची बंद होणार होती. डुलुथ शहरातल्या एका शाळेनं तिला बोलावलं होतं. सोमवारपर्यंत होकार कळवायचा, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला. आणि इथं तिच्या आईनं, आर्डिसनं, चारचौघांत ब्रदर वेंडेललाच विचारलं होतं, "माझ्या पोरीनं जावं का?" तेव्हापासून दर शनिवारी बाप एकच सांगत होता. इथंच बस.

वाण्याकडे गेलं की बाई म्हणायची, "बापाचं ऐक गं." पोस्टात तेच. शेजारच्या गोर्डनकाकांनी तर तिच्या दारातला बर्फ काढता काढता सुनावलं होतं, "मेलेल्या माणसाचा शब्द मोडणार तू?" जित्या माणसाशी भांडता येतं हो. मेलेल्याशी कसं भांडणार? किर्स्टनला रात्री झोप लागेना. घर, गाव, बर्फ, सगळं अंगावर येत होतं.

आणि तरीही त्या दिवशी तिचा कान टवकारला. बाबांच्या आवाजामागं, अगदी पुसट, पियानोचा एक सूर विरत होता. जरासा उतरलेला. तो सूर तिनं झोपेतही ओळखला असता. त्यांच्या घरातल्या पियानोची ती एक पट्टी कायम बेसूर होती. तो पियानो कुजला म्हणून बाबांनीच फोडून जाळला होता. मग तो वर पोचला कधी?

तिला सगळं आठवलं. ती सात-आठ वर्षांची. नाताळ. बाबा टेपरेकॉर्डर घेऊन बसलेले, आणि तिला वाजवणं सोडून भेटवस्तू उघडायच्या होत्या. "कुठं जाऊ नकोस. इथंच बस." बाबा हसत म्हणाले होते.

ती कॅसेट गेल्या उन्हाळ्यात आईनं कुणाला दिली होती? वेंडेलला! तेव्हा तो 'ब्रदर' नव्हता. दारोदार फिरून म्हणायचा, जुन्या कॅसेटी द्या, संगणकावर उतरवून देतो, एक पैसा नको. अख्ख्या गावानं खोकी भरभरून दिली होती. फुकट काम करणारा माणूस देवमाणूसच असणार, अशी नॉर्ड्बीची पक्की समजूत!

कॉफीची सुट्टी झाली. बायकांनी लिंबाच्या वड्यांचं ताट फिरवलं. वेंडेल सिगारेट ओढायला बाहेर, लांब आपल्या गाडीपाशी गेला. आवाज येण्याआधी त्याचा हात दर वेळी कोटाच्या खिशात जातो, हे किर्स्टनच्या लक्षात होतं. तिनं आपला फोन काढून ब्लूटूथ चालू केलं. यादीत एक अनोळखी नाव आलं. तिनं ते दाबलं आणि फोनमधलं एक रेकॉर्डिंग लावलं.

रेडिओ गरजला. पण हे काय? ढोल एकीकडे, ट्रम्पेट दुसरीकडे, आणि मध्येच एक बासरी जीव खाऊन किंचाळत होती.

गोर्डनकाकांच्या हातातली वडी खाली पडली. "अरे देवा! एवढी सगळी कधी गेली?"

"कुणी गेलं नाही, काका. माझा सहावीचा बँड आहे हा. मंगळवारची तालीम. तो ट्रम्पेट तुमचा नातू वाजवतोय."

"तरीच म्हटलं, स्वर्गात इतकं वाईट कोण वाजवेल!"

काही जण खदखदून हसले, काहींचे चेहरे पडले. किर्स्टन मंचावर चढली आणि तिनं रेडिओची पाठीमागची फळी ओढून काढली.

"या, हात लावून बघा. या काचेच्या नळ्या चालू असत्या तर बोट भाजलं असतं. थंडगार आहेत. आणि ही बघा, कोपऱ्यात चिकटवलेली काळी डबी. हिच्यात बॅटरी आहे. फोनवरून गाणं पाठवलं की ही ते घेते आणि या तारांतून रेडिओच्या कर्ण्यात सोडते. मग भिंतीतली वीज हवीय कशाला? मी घरी जुन्या रेडिओवर अशीच गाणी ऐकते. चांगली सोय आहे. चमत्कार मुळीच नाही."

"पण आवाज?" लव्हॉनबाई उभ्या राहिल्या. "मागच्या शनिवारी माझ्या गेलेल्या लेकाचा आवाज होता तो!"

"त्याचाच होता, लव्हॉनमावशी. कॅसेटी कुणीकुणी दिल्या होत्या याला?"

एकेक हात हळूहळू वर गेला. सगळेच होते. दारात वेंडेल उभा होता, नाक लाल झालेलं.

"अविश्वास!" तो ओरडला. "अविश्वासानं लहरी तुटतात!"

"तुमचा फोन लांब गेला, ब्रदर, म्हणून तुटल्या," किर्स्टन म्हणाली. "कॅसेटी परत दिल्यात. आवाज मात्र ठेवून घेतलेत."

वेंडेल वायर गुंडाळायलाही न थांबता निघून गेला. त्याच्या मागं कुणी धावलं नाही. लव्हॉनबाई तोंडावर रुमाल धरून रडत होत्या, आणि किर्स्टनला जिंकल्यासारखं काही वाटेना. ती त्यांच्याजवळ जाऊन बसली, हॉल रिकामा होईपर्यंत.

घरी परतताना गाडीत आर्डिस म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तुझा पियानो मला ओळखू येणार नाही? मी तिथंच होते गं. तो 'इथंच बस' म्हणाला, आणि मी स्वयंपाकघरातून ओरडले, 'जाऊ दे तिला, ओर्व्हिल!' तेही टेपवर आहे. वेंडेलनं तेवढंच कापलं."

किर्स्टननं गाडी बाजूला घेऊन थांबवली. "पहिल्या दिवसापासून माहीत होतं? आणि तू गप्प बसलीस? सगळं गाव माझ्यावर सोडलंस?"

"हो."

"तुला मी इथं हवी होते, तर तूच सांगायचंस ना!"

"मी सांगितलं असतं तर तू विचारलं असतंस, का? रेडिओला कुणी 'का' विचारत नाही."

"मग आता विचारते. का, आई?"

"मला एकटीला भीती वाटते. जिन्यावरून पडले तर वसंतापर्यंत कुणाला कळायचं नाही."

ती भीती मात्र खरी होती. खऱ्या भीतीवर काहीतरी करता येतं. जिना सोडून खालच्या खोलीत झोपता येतं, गोर्डनकाकांना रोज सकाळी दार वाजवायला सांगता येतं, लेकीबरोबर डुलुथला जाऊन राहता येतं. त्या दोघींनी बर्फात गाडी उभी करून यातल्या प्रत्येक गोष्टीवर भांडण केलं, मनसोक्त. सोमवारी किर्स्टननं होकार कळवला. आर्डिस बरोबर जायला तयार झाली नाही, अजून नाही. पण खाट तेवढी खाली आणली.

तुमच्याही गावात असा एखादा रेडिओ बोलत असेल. तो नेमकं तेच बोलत असेल जे कुणाला तरी तुमच्याकडून हवंय. कधी एखाद्या बुवाला, कधी घरातल्याच माणसाला. तेव्हा हात जोडण्याआधी मागे जा, फळी काढा आणि आत बघा. मग ते कुणाला हवंय ते शोधा, आणि त्यालाच तोंडावर विचारा, का?