फडक्यासकट शून्य

मी एक जुना वजनकाटा आहे. तान्ह्या बाळांना तोलणारा. वर पांढऱ्या पत्र्याचं ताट, खाली गोल तबकडी आणि मागे काटा शून्यावर आणायची पितळी चकती. मित्रांनो, गोष्ट जन्मापासून सांगायची असते हे मला ठाऊक आहे. पण माझं मन एका बुधवारच्या दुपारपाशीच अडतं.

त्या दुपारी सिस्टर मटार सोलत बसल्या होत्या. दवाखान्यातून निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी सगळी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणे. माहेरी राहायला आलेली त्यांची लेक तीन महिन्यांच्या गुंडूला घेऊन समोर उभी राहिली. डोळे तांबारलेले.

"आई, आज मीच वजन केलं. आठ दिवसांत पाव किलोने घटलाय."

सिस्टरांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीवर पडलेल्या जाड फडक्याकडे.

"फडकं काढलंस का?"

"ओलं होतं, म्हणून काढलं."

"मग गुंडू नाही घटला गं. माझं फडकं घटलं."

तीस वर्षं त्यांची एकच रीत होती. थंड पत्र्याने बाळ दचकतं, म्हणून आधी फडकं अंथरायचं, फडक्यासकट काटा शून्यावर आणायचा आणि मग बाळ ठेवायचं. लेकीने फडकं उचललं, चकती मात्र होती तशीच राहिली. फडक्याच्या वजनाएवढं बाळ कमी भरलं.

सिस्टर हसल्या. लेक हसली नाही. तिचे सहा आठवडे कसे गेले होते ते मी पाहिलं होतं. दूध पाजलं की थोड्या वेळाने आंबट गुळणी, मग पाठीची कमान, मग रडणं. कुणी म्हणे दूध पातळ आहे, कुणी म्हणे बाळ लाडावलंय.

"तुला हसू येतंय," ती म्हणाली. "जगाची पोरं तोललीस तू. माझं रडणं कधी ऐकलंस?"

मटार बाजूला सारून सिस्टरांनी गुंडूला खांद्याशी उभा धरला आणि अर्धा तास खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घातल्या. तो शांत झाल्यावर सपाट गादीवर उताणा निजवला.

"याचं पोटातलं दूध वर येतंय," त्या हळूच म्हणाल्या. "थोडं थोडं पाज, मधे ढेकर काढ, मग असा उभा धर. वजन वाढतंय तोवर गुळणीने कपडेच खराब होतात. वाढायचं थांबलं, तर डॉक्टर."

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचं आधण ठेवता ठेवता त्या ओट्यापाशी खाली बसल्या. पुन्हा उठल्या नाहीत.

मित्रांनो, एका कारखान्यात मला ठोकून घडवलं, पण जगायला मी शिकलो सिस्टरांच्या दवाखान्यात. किती बाळं माझ्या ताटात पाय झाडून गेली. "काटा सिस्टरांचा आहे, खोटं बोलणार नाही," असं आया म्हणत. दवाखान्यात नवी यंत्रं आली तेव्हा मी भंगारात निघालो होतो. सिस्टर मला उचलून घरी घेऊन आल्या.

त्या गेल्यावर माझ्या ताटात वर्तमानपत्रं साठली, लेकीच्या बाबांच्या गोळ्यांची पाकिटं साठली. लेक माझ्याकडे पाहायचंही टाळी. तीन आठवड्यांनी गुंडू दूध पिता पिता तोंड फिरवून किंचाळू लागला, तेव्हा तिने एका सकाळी ताट रिकामं केलं. फडकं अंथरलं, काटा शून्यावर आणला आणि बाळ ठेवलं. आठ दिवसांनी पुन्हा तसंच केलं. काटा मागच्याच आकड्यावर थांबला. या वेळी चूक फडक्याची नव्हती.

ती त्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली. परत येऊन बाबांना सांगू लागली, "याला रिफ्लक्स म्हणतात. अन्ननलिकेच्या तोंडाशी झडप असते, ती अजून कच्ची आहे. आंबट वर येतं, जळजळतं, म्हणून हा पीत नाही. काही आठवडे औषध दिलंय. उलटी हिरवी झाली, रक्त दिसलं, जोराने फेकल्यासारखी व्हायला लागली किंवा लंगोट कमी ओले व्हायला लागले, तर लगेच या म्हणाल्या."

"आणि बाकी?"

"बाकी आई सांगायची तेच."



दोन आठवड्यांनी तिने पुन्हा मला खाली घेतलं. चकती फिरेना. गुळणीचं दूध सुकून घट्ट बसलं होतं. पुसायला तिने मला उलटा केला आणि थांबली.

माझ्या पोटाला चिकटपट्टीचे पिवळे पडलेले तुकडे आहेत, ओळीने लावलेले. दवाखान्यातलं शेवटचं बाळ घरी गेलं की सिस्टर स्वतःच्या तान्ह्या लेकीला माझ्या ताटात ठेवत, आणि वहीत दवाखान्याच्या बाळांचीच नावं असल्यामुळे हिची नोंद इथे करत. मला तोंड असतं तर त्या बुधवारीच बोललो असतो.

लेक वाचू लागली. 'बेबी, पाच आठवडे. रोज दूध वर. वजन वाढतंय.' 'सहा आठवडे. उभी धरली, झोपली.' 'सात आठवडे. संध्याकाळी फार रडते. रडणं ऐकवत नाही. आज रजा मागितली.'

मित्रांनो, मी म्हातारा आहे, एवढंच मागतो. बाळ रडलं तर त्याला हट्टी म्हणू नका, आणि काटा शून्यावर आहे का ते पाहिल्याशिवाय कुणाचंच वजन ठरवू नका. आईचंसुद्धा.

तिने पट्ट्यांना धक्का न लावता चकती पुसली. फडकं अंथरलं. काटा शून्यावर आणला. गुंडूला ठेवलं. काटा चढला, मागच्या आकड्यापुढे गेला, थरथरला आणि स्थिर झाला.

एक हात बाळाच्या पोटावर ठेवून ती रिकाम्या ओट्याकडे वळली.

"आई," ती म्हणाली, "तू ऐकलं होतंस. मीच चुकीचं बोलले."