सहज उघडलेलं दार

“वीस मिनिटं दार उघडायचं नाही. घराला आग लागली तरी नाही. आग लागलीच तर आधी मला हाक मार, मग बंबवाल्यांना बोलाव. पण या दाराला हात लावायचा नाही!”

हा आवाज ताईंचा. आठ महिने मागच्या गॅलरीत, कपडे वाळत घालायच्या दोरीखाली, पोटात रद्दी कोंबलेल्या अवस्थेत उभा होतो, तेव्हाही तो माझ्या कानांत घुमत होता. मित्रांनो, मी एक जुना ओव्हन आहे, आणि मी रागावलेलो आहे.

राग वाईट, असं तुम्हाला शिकवतात. बरोबरच आहे. पण तापणं हा माझा धर्मच आहे, आणि तापलेल्याच्या आत काय चाललंय हे विचारायला कुणाला सवड नसते. म्हणून आज मीच सांगतो. ओरडणार नाही. ओरडायला मला तोंड कुठे आहे? मला फक्त एक दार आहे. ते एकदाच भलत्या वेळी उघडलं गेलं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पत्र्याच्या अंगावर पांढरा मुलामा चढवला आणि मला मोठ्या भट्टीत घातलं. दुसऱ्याला भाजण्याआधी मी स्वतः भाजून निघालो आहे, हे लक्षात ठेवा. माझं दार खाली पडणारं, त्याला मध्ये काच आणि बाजूला घट्ट स्प्रिंग. तपासनिसाने ते दहा वेळा उघडून मिटलं, ‘खट्ट’ असा आवाज ऐकला आणि समाधानाने माझ्या पाठीवर शिक्का मारला. त्या ‘खट्ट’चा मला फार अभिमान होता.

ताईंचे वडील जहाजावर आचारी होते. नोकरी सोडून ते घरी परतले तेव्हा त्यांच्या हातात एक बॅग होती आणि मागून हमालाच्या डोक्यावर मी होतो. कुठल्याशा बंदरात एका फ्रेंच आचाऱ्याने त्यांना चीजचा एक पदार्थ शिकवला होता. तो त्यांनी आपल्या लेकीला शिकवला. त्याचं नाव गूझेर. घरात ते कुणाच्याच जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्याला ‘फुगे’ म्हणू लागले. वरून खरपूस, आतून पोकळ, लिंबाएवढे सोनेरी फुगे.

ते करताना ताईंना पाहणं म्हणजे पूजा पाहण्यासारखं होतं. पातेल्यात पाणी, लोणी आणि मीठ उकळायचं. उकळी आली की मैदा एकदम ओतायचा, चिमटीचिमटीने नाही. मग लाकडी चमच्याने घोटायचं, दंडाला रग लागेपर्यंत. गोळा पातेल्याची कड सोडतो आणि तळाला पातळ साय धरते, तेव्हा खाली उतरवायचं. जरा निवलं की अंडी, पण एकेक करून. पहिलं जिरल्याशिवाय दुसरं नाही. चमचा उचलला की पीठ जिभेसारखं लोंबलं पाहिजे. शेवटी मूठमूठ किसलेलं चीज. मग गोळे ट्रेवर, आणि ट्रे माझ्या पोटात.

पुढची वीस मिनिटं माझी असत. त्या पिठात ना यीस्ट ना सोडा. आतल्या पाण्याची वाफ होते, ती भिंती रेटते आणि गोळा फुगतो. पण भिंती कडक व्हायच्या आत दार उघडलं तर गार हवा आत शिरते, वाफ दम सोडते आणि फुगा बसतो. बसलेला फुगा पुन्हा उठत नाही. म्हणून ती वीस मिनिटं दार मिटून ठेवणं हे माझं व्रत होतं. तीस वर्षं मी ते पाळलं. नेमकी आच कुठे लागते ते विसरू नये म्हणून ताईंनी माझ्या बटणाशेजारी नेलपॉलिशचा लाल ठिपका लावला होता. मला तो दागिन्यासारखा वाटे.

आई-वडील गेले. ताईंनी धाकट्या भावाला शिकवलं, त्याचं लग्न करून दिलं, आणि हळूहळू, कुणाच्या लक्षातही न येता, ज्या घराच्या त्या मोठ्या होत्या त्याच घरात त्या भावाच्या आश्रित झाल्या. सकाळचा चहा ताई, डबा ताई, इस्त्री ताई, आजारपणात उशाशी ताई. या भावाला मी सहजराव म्हणतो. त्याच्या तोंडी एकच शब्द: सहज. “ताई, सहज दोन शर्ट काढ ना.” “ताई, संध्याकाळी सहज चार माणसं येतायत जेवायला.” तुम्ही मोठ्यांना अहो-जाहो करता, करावंच. मी याला करणार नाही.

त्याच्या बायकोला दूधवाल्यापासून शेजारणीपर्यंत सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. वहिनी लग्न होऊन आल्या त्या वर्षी ताईंनी त्यांना फुगे शिकवले. पहिला घाणा बसला. वहिनींनी तोंडभर हसून म्हटलं, “छान लागतायत की, वन्सं!”

“छान कसले? पायपुसणी झालीयेत,” ताई म्हणाल्या. “तू अंडी घाईने घातलीस. हे बघ, बिघडलं की का बिघडलं ते तोंडावर सांगायचं. मी तुला सांगेन, तू मला सांग. माझं बिघडेल तेव्हा गोड बोलायचं नाही. वचन?”

“वचन,” वहिनी म्हणाल्या. दोघींनी ती पायपुसणी चहाबरोबर संपवली. हे वचन मी माझ्या काचेतून पाहिलं आहे.

कोपऱ्यावर एक बेकरी आहे. तिची मालकीण डोक्यात पेन्सिल खोचून फिरते आणि कुणाचं उगाच कौतुक करत नाही. तिने एकदा शेजारणीकडे ताईंचा फुगा खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी दारात उभी राहिली. रोज सकाळी दोन ट्रे करायला बाई हवी होती. पगार ठरलेला, आणि बेकरीच्या वरची खोली राहायला. खिडकी रस्त्यावर, किल्ली स्वतःची.

“किल्ली माझी?” ताईंनी दोनदा विचारलं.

“मग काय माझी? मला माझ्याच किल्ल्या सापडत नाहीत,” मालकीण म्हणाली. “रविवारी चार वाजता येते. माझ्यासमोर ट्रे काढा. फुगे उभे राहिले तर काम तुमचं.”

त्या रविवारी ताई पहाटेच उठल्या होत्या. माझी काच त्यांनी दोनदा पुसली, मला हात जोडले. पावणेचारला ट्रे आत गेला. ताई पुढच्या खोलीत मालकिणीला बसवायला गेल्या. मी तापलो होतो आणि एकेक गोळा अंग धरत होता. दहा मिनिटं झाली होती.

तेवढ्यात सहजराव स्वयंपाकघरात आला. आधी त्याने मागे वळून पाहिलं. मित्रांनो, हे नीट ऐका. सहज करणारा माणूस मागे वळून बघत नाही.

त्याने हाताला फडकं गुंडाळलं, माझं दार पाडलं आणि तसंच धरून ठेवलं. फॅनचा वारा थेट आत येत होता. मी स्प्रिंग आवळून पाहिली. त्याच्या हाताला जोर जास्त होता. माझ्या डोळ्यांदेखत चोवीस फुगे एकामागून एक मान टाकून बसले. चहाचे कप घेऊन वहिनी दाराशी आल्या होत्या. दोघांची नजरानजर झाली.

“सहज बघत होतो,” तो हळूच म्हणाला आणि दार मिटलं. खट्ट.

वहिनी कप घेऊन तशाच पुढच्या खोलीत गेल्या.

ट्रे बाहेर आला तेव्हा मालकिणीने एक चपटा गोळा उचलला, उलटा करून पाहिला आणि ठेवून दिला. “होतं असं कधी,” एवढंच म्हणून ती गेली. ताई ट्रेकडे बघत उभ्या होत्या. सहजरावाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ दे गं ताई. वय झालं की हातातलं जातं. आणि हा ओव्हनही म्हातारा झालाय.”

म्हातारा! माझ्या पोटात अजून आच होती. सगळी कॉइल लाल करून ओरडावंसं वाटत होतं, की बाई, तुमचा हात गेला नाही, माझं दार गेलं नाही, या माणसाने आपल्या दोघांनाही बुडवलं! पण ताईंनीच बटण फिरवलं. “हो रे, गेलाच हात,” म्हणाल्या, आणि मी गार होत गेलो.

आठवड्याभरात चकचकीत नवा ओव्हन आला. दर पाच मिनिटांनी तो टीं टीं करतो, जणू मोठं राज्य जिंकलंय. “खास ताईसाठी आणला,” असं सहजराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. ताईंनी त्यात एकदाही फुगे केले नाहीत. मला गॅलरीत लोटलं. वर कुंडी ठेवली, आत रद्दी भरली. तुम्ही म्हणाल, म्हणून हा रागावलाय. नाही हो. जुनं झाल्यावर बाजूला सरावं लागतं, एवढं मला कळतं. पण खोटा आळ घेऊन सरायचं?

गॅलरीतून मला स्वयंपाकघरातलं सगळं ऐकू येई. परवा सकाळी ताई सूप ढवळत होत्या. “अगं, जरा मीठ बघ,” त्या वहिनींना म्हणाल्या. “माझ्या जिभेवर माझा भरवसा उरला नाही आता.”

वहिनींनी चव घेतली. चमचा ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, “बरोबर आहे, वन्सं. अगदी बरोबर आहे.” त्याच दुपारी त्या बेकरीत जाऊन आल्या. मालकिणीला मनासारखी बाई अजून मिळालेली नव्हती. “बोलणं नको, ट्रे दाखवा,” असं ती म्हणाली, हे वहिनी माझ्यापाशी कपडे वाळत घालताना स्वतःशीच पुटपुटत होत्या.

आज सकाळी त्यांनी माझ्या पोटातली रद्दी ओढून काढली. कुंडी खाली ठेवली, काच पुसली, वॉशिंग मशीनची पिन काढून माझी लावली. आठ महिन्यांनी अंगात वीज आली तेव्हा धूळ जळल्याचा वास सुटला. मला त्याची लाजच वाटली. वहिनींनी बोटाने लाल ठिपका शोधला. अर्धा उडाला होता, अर्धा होता.

त्यांनी घोटलं, दमल्या, पुन्हा घोटलं. अंडी एकेक घातली. ट्रे आत आला. मी जीव एकवटून दार मिटलं.

बारा मिनिटं झाली असतील. वासाने सहजराव आला. “अरे वा, फुगे? बघू सहज...” त्याचा हात माझ्या मुठीपर्यंत आला.

“हात लावू नका.”

“अगं, सहज...”

“सहज नाही. त्या दिवशीही सहज नव्हतं.”

तो हसायला गेला, जमलं नाही. “ती गेली असती तर घर कुणी चालवलं असतं? तुझ्यावरच पडलं असतं सगळं. तुझ्यासाठीच केलं मी.”

“माहीत आहे,” वहिनी म्हणाल्या. “म्हणून तर आठ महिने मीही गप्प बसले. दाराला हात तुमचा होता, पण तोंड माझं बंद होतं. आता बाजूला व्हा. आठ मिनिटं राहिलीत.”

तो बाजूला झाला. त्या माझ्याकडे पाठ करून, हाताची घडी घालून पहाऱ्यावर असल्यासारख्या उभ्या राहिल्या. इतकी लांब आठ मिनिटं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

मित्रांनो, जुन्या वस्तू पुसून-जपून ठेवा, असं सांगून मी निरोप घ्यावा अशी तुमची अपेक्षा असेल. ठेवा जरूर. पण माझं मागणं वेगळं आहे. कुणी मिटल्या दाराआड आपल्या बळावर उभं राहू बघत असेल, तर ते दार उघडू नका. आणि उघडताना कुणाला पाहिलंत, तर गप्प राहू नका. बसलेलं पीठ पुन्हा उठत नाही, हे मी खात्रीने सांगतो. माणसाचं मला माहीत नाही. माझा राग अजून गेलेला नाही. मला गार व्हायला वेळ लागतो.

वहिनींनी दार उघडलं. चोवीसच्या चोवीस उभे होते, गाल फुगवून. सुईने टोचून त्यांनी वाफ सोडली, सहा फुगे बशीत घेतले आणि वर रुमाल टाकला. दार त्यांनी मिटलं नाही, तसंच सताड राहू दिलं.

पुढच्या खोलीत ताई सहजरावाच्या शर्टांना इस्त्री करत होत्या. ओल्या कापडावर चर्र आवाज येत होता. वहिनींनी डोळे मिटून ओठांतल्या ओठांत ‘वचन’ म्हटलं. मग बशी दोन्ही हातांत घट्ट धरली, आणि त्या आवाजाच्या दिशेने त्या चालू लागल्या.